रेस किती दिली होती?

हळदीच्या हंगामात हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डाबाहेर ट्रॅक्टर-टेम्पोंच्या जोडीला मोटरसायकलींची रांग लागते. कुणी वसमतहून भाव बघायला आलेला असतो, कुणी सेनगावहून उसनवारी मिटवायला, तर कुणी पुढ्यात पोतं आडवं टाकून आलेला. या गाड्या बहुतेक शंभर ते दीडशे सीसीच्या असतात. आठ-दहा वर्षं रानावनात राबून झालेल्या, आणि जवळपास सगळ्या कार्ब्युरेटरच्या. गॅरेजात येणाऱ्या तक्रारीही ठरलेल्या आहेत. "मामा, गाडी चढाला बसायलीय." "झटके मारायलीय." "अ‍ॅव्हरेज पार गेलं बघा." शिकाऊ पोरगा हे ऐकलं की स्क्रू ड्रायव्हर घेऊन थेट कार्ब्युरेटरकडे वळतो. मुरलेला मिस्त्री बसल्या जागेवरून आधी एक प्रश्न विचारतो: "रेस किती दिली होती तव्हा?"

कार्ब्युरेटरच्या सेटिंगची निम्मी विद्या या प्रश्नात आहे. बाजारात मिळणारी जेट, सुया आणि स्प्रिंगा यांच्याबद्दल जे काही सांगता येईल ते याच प्रश्नापाशी येऊन थांबतं. मूठ थोडी पिळलेली असताना कार्ब्युरेटरमधला एक भाग काम करतो, अर्धी पिळली की दुसरा आणि पूर्ण पिळली की तिसरा. गाडी कुठल्या रेसवर अडखळते हे कळल्याशिवाय जेट बदलणं म्हणजे पैसे घालून नवा बिघाड विकत आणणं.

यंत्र कसं चालतं ते आधी पाहू. इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी या शास्त्रज्ञाचं नाव ज्या नळीला मिळालं, ती मध्ये चिंचोळी असते. हवा त्या चिंचोळ्या भागातून वेगानं जाते आणि वेग वाढला की तिथला दाब कमी होतो. कार्ब्युरेटरच्या खालच्या बाऊलमध्ये पेट्रोल असतं आणि त्यावर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. वर दाब कमी, खाली जास्त, म्हणून पेट्रोल बारीक छिद्रातून वर चढतं आणि हवेत फवारलं जातं. ओढणारा पंप नाही, तारा नाहीत, सेन्सर नाही. बाऊलमधला फ्लोट तरंगत राहून पेट्रोलची पातळी ठरलेल्या उंचीवर धरतो. ही पातळी दोन-तीन मिलिमीटरनी चुकली तरी पुढचं सगळं गणित बिघडतं. म्हणून जेटला हात लावण्याआधी फ्लोटची उंची तपासायची असते, आणि नेमकी हीच पायरी घाईत सर्वांत जास्त वेळा गाळली जाते.

आता रेसप्रमाणे वाटण्या. गाडी उभी असताना, म्हणजे आयडलिंगला, आणि मूठ साधारण पाव पिळेपर्यंत पायलट जेट, म्हणजे मिस्त्रींचं 'स्लो जेट', कामाला असतं. त्याच्या मदतीला बाहेरून फिरवायचा स्क्रू असतो. पाव ते पाऊण मुठीपर्यंत सत्ता सुईची. स्लाईडला लटकलेली ही निमुळती सुई एका नळीत वरखाली होते. ती वर गेली की तिच्याभोवतीची फट वाढते आणि पेट्रोल जास्त जातं. पाऊण ते पूर्ण मुठीत मेन जेट बोलतं. या हद्दी काटेकोर नाहीत, एकमेकींत थोड्या शिरतात. पण हिंगोली ते औंढा असा रस्ता धरला तर शंभर सीसीची गाडी जवळजवळ सगळा वेळ पाव ते अर्ध्या मुठीवर चालते. म्हणजे अ‍ॅव्हरेज ठरवते ती सुई. तरी अ‍ॅव्हरेज गेलं की लोक मेन जेट बदलायला सांगतात. पूर्ण रेस महिन्यातून दोनदा देणाऱ्या माणसाच्या अ‍ॅव्हरेजमध्ये मेन जेटचा वाटा नगण्य असतो.

जेट म्हणजे पितळेचा छोटा स्क्रू आणि मधून आरपार भोक. त्यावर नंबर कोरलेला असतो. केहिनच्या मेन जेटवर ८० लिहिलेलं असेल तर भोकाचा व्यास ०.८० मिलिमीटर असा त्याचा अर्थ. मिकुनीच्या मेन जेटवरचा नंबर मात्र व्यास सांगत नाही, तो ठराविक वेळात किती द्रव वाहतो हे सांगतो. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण त्याचे परिणाम मोठे आहेत. पेट्रोल किती जाईल ते भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. केहिनमध्ये १०० वरून ११० वर गेलात तर पेट्रोल १० नव्हे, २१ टक्क्यांनी वाढतं. मिकुनीत त्याच नंबरांनी ते १० टक्केच वाढतं. एका कंपनीचं जेट दुसऱ्या कंपनीच्या कार्ब्युरेटरात आटे जुळतात म्हणून बसवलं आणि नंबर तोच आहे असं मानलं, तर हातातला हिशेबच खोटा ठरतो.

छोट्या जेटांत तर एक-एक नंबर महत्त्वाचा. ८० चं ८२ केलं तर क्षेत्रफळ ५ टक्क्यांनी वाढतं, ८५ केलं तर जवळजवळ १३ टक्क्यांनी. ३५ नंबरच्या पायलट जेटचं भोक ०.३५ मिलिमीटर, माणसाच्या चार-पाच केसांची जाडी एकत्र केली तेवढं. सुटं विकलं जाणारं स्वस्त किट घेतलं आणि त्यातल्या जेटवरचा नंबर नि आतलं भोक यांचा मेळ नसेल, तर कुठल्याही अनुभवी हाताचं कौशल्य वाया जातं. बारीक मापाच्या पिनांचा संच मिळतो, तो भोकातून घालून बघता येतं. एवढी साधनं प्रत्येक गॅरेजात नसतात हे खरं. तेव्हा नव्या जेटचं आणि गाडीतून काढलेल्या मूळ जेटचं भोक उजेडासमोर धरून शेजारी शेजारी बघावं. ढोबळ फरक डोळ्यांना दिसतो.

याच भोकांत तार घालून साफ करायची सवय आपल्याकडे फार आहे. केबलमधली एक तार ओढून काढायची आणि जेटमधून दोन-चार वेळा आरपार करायची. पितळ मऊ असतं. लोखंडी तारेनं भोकाच्या आत ओरखडे पडतात, कडा झिजतात आणि नंबर ८० असला तरी जेट ८० चं राहत नाही. जेट कार्ब क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या दाबानं फुंकलं की पुरतं. फारच अडलं तर तांब्याचा एकच मऊ तंतू हलक्या हातानं.

आता हिंगोलीची हवा. जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच आहे. या उंचीला हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण ५ टक्क्यांनी कमी असतो. हा फरक बारमाही आहे, गाडी त्याला सरावते. खरा खेळ ऋतूंचा. जानेवारीत पहाटे पारा १२ अंशांपर्यंत उतरतो, मे महिन्यात दुपारी ४३ च्या घरात जातो. तापलेली हवा विरळ होते. १२ आणि ४३ अंशांच्या हवेच्या घनतेत सुमारे १० टक्क्यांचा फरक पडतो. कार्ब्युरेटर हवेचं वजन मोजत नाही, त्याला फक्त चिंचोळ्या नळीतला दाब कळतो. त्यामुळे हवा १० टक्क्यांनी विरळ झाली तरी पेट्रोल त्या मानानं निम्म्यानंच कमी होतं आणि मिश्रण साधारण ५ टक्क्यांनी पेट्रोलकडे झुकतं. म्हणजे एकच गाडी, तेच जेट, तीच सुई. पण मे महिन्यात ती थोडी जास्त पेट्रोल खाते आणि जानेवारीत थोडी उपाशी राहते. थंडीत चोक जास्त वेळ ओढावा लागतो त्यामागे पेट्रोलचं नीट बाष्प न होणं हे मोठं कारण आहेच, पण हे घनतेचं कारणही त्यात मिसळलेलं असतं.

या जुन्या हिशेबात गेल्या काही वर्षांत इथेनॉल येऊन बसलं आहे. देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला आणि २०२५ पर्यंत पंपावर २० टक्क्यांचं, म्हणजे ई-२० पेट्रोल सर्रास मिळू लागलं. ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याचा त्यात फायदा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण कार्ब्युरेटरच्या दृष्टीनं त्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. शुद्ध पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते. इथेनॉलला ९ पट पुरते, कारण त्याच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो. ई-२० चा हिशेब केला तर हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे तेवढीच हवा आत येत असेल तर ई-२० पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त सोडावं लागेल. इंजेक्शनच्या गाडीत बहुतेक ठिकाणी सायलेन्सरच्या वाटेवर प्राणवायूचा सेन्सर असतो, तो हे ओळखून पुरवठा वाढवतो. कार्ब्युरेटरचं भोक मात्र जेवढं आहे तेवढंच राहतं.

म्हणून जुन्या गाड्या ई-२० वर थोड्या 'हवेवर' चालतात. बदल किती लागतो तेही मोजता येतं. सात-आठ टक्के जास्त पेट्रोल म्हणजे व्यासात साधारण चार टक्के. ८० नंबरच्या जागी ८२ किंवा ८३. एवढंच. ८५ बसवलं की प्रमाणाबाहेर गेलो. आणि ही वाढ सुद्धा सरसकट करायची नाही. काही गाड्या कारखान्यातूनच थोड्या जास्त पेट्रोलवर सोडलेल्या असतात, त्यांना तेवढी पोटात जागा असते. अ‍ॅव्हरेजसाठी आणि धुरासाठी ताणून लावलेल्या गाड्यांना ती नसते. निती आयोगानं जून २०२१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा जो आराखडा मांडला, त्यात १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकींचं मायलेज ई-२० वर ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असं म्हटलं आहे. अ‍ॅव्हरेज थोडं कमी होणं हा इथेनॉलचाच गुण, कारण लिटरमागे त्यात पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. ते जेट बदलून परत मिळत नाही. जेट बदलून मिळतो तो थंड इंजिनचा नीट स्टार्ट, चढावरची ओढ आणि इंजिनाचं आयुष्य.

ऋतू आणि इथेनॉल एकत्र ठेवून पाहा. मे महिन्यातली तापलेली हवा मिश्रण पेट्रोलकडे झुकवते, इथेनॉल हवेकडे. दोन्ही एकमेकांना बरंचसं खोडून काढतात आणि गाडी उन्हाळ्यात ठीक चालते. जानेवारीत दोन्ही एकाच बाजूला ओढतात. उन्हाळ्यात सरळ चाललेली गाडी थंडीत सकाळी खोकते, पहिले दोन किलोमीटर झटके मारते, त्यामागे हे दुहेरी ओझं असतं. ग्राहकाला वाटतं गाडी बिघडली. बिघडलेलं काही नसतं.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिना-दीड महिना न चालवता गोठ्यात उभी राहिली, टाकी अर्धी रिकामी असली, तर हवेतला ओलावा पेट्रोलमध्ये उतरतो. एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतात, आणि तळाशी म्हणजे नेमकं बाऊलमध्ये, जेटच्या तोंडाशी. बाऊल उघडला की आत पांढरट भुकटी, कधी हिरवट थर दिसतो. पहिलं बुजतं ते पायलट जेट, कारण त्याचं भोक सर्वांत बारीक. गाडी चोकवर चालते, चोक सोडला की बंद पडते. हे लक्षण दिसलं की नवं जेट मागवायची गरज नाही. बाऊल उतरवून साफ करा आणि गाडी उभी ठेवायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून बाऊल रिकामा करून ठेवा.

सुईकडे मात्र सावकाश बघितलं पाहिजे. ती हातात घेऊन खिडकीजवळ उजेडात धरा आणि बोटांत गोल फिरवा. नवी सुई सर्व बाजूंनी सारखी चमकते. जुन्या सुईवर एका बाजूला लांबट, मंद, घासलेला पट्टा दिसतो. गाडी सतत हादरत असते, सुई नळीच्या एकाच भिंतीला टेकत राहते आणि वर्षानुवर्षं तिथंच झिजते. ती ज्या नळीत चालते ती नळी तर जास्तच झिजते, गोल भोक लांबट होतं. हिंगोली जिल्ह्यातली काळ्या मातीची धूळ या झिजेला हातभार लावते. कडब्याच्या गंजीशेजारून, मळणी चालू असलेल्या शेतातून गाडी गेली की फिल्टर भरतो. फिल्टर भरला की कुणीतरी तो काढूनच टाकतो, 'गाडीला श्वास मिळतो' म्हणून. मग धूळ थेट आत येते आणि सुई, नळी, स्लाईड, पुढे पिस्टन-रिंग असं सगळं घासत जाते. झिजलेल्या नळीची गाडी अर्ध्या रेसवर काळा धूर सोडते, प्लग काजळतो, अ‍ॅव्हरेज पाचाने-सातानेही उतरतं. बाजारात सुई आणि नळी यांची जोडी मिळते. दोन्ही एकदमच बदलायची. नवी सुई जुन्या लांबट भोकात घातली तर उपयोग नाही.

सुईच्या डोक्याजवळ खाचा असतात, त्यातल्या एकीत छोटी क्लिप बसते. क्लिप खालच्या खाचेत लावली की सुई वर उचलली जाते आणि मधल्या रेसला पेट्रोल वाढतं. वरच्या खाचेत लावली की उलट. एका खाचेचा फरकही मोठा असतो. अनेक साध्या गाड्यांत कंपनीनं एकच खाच ठेवलेली असते, कारण सेटिंगशी कुणी खेळू नये. अशा वेळी खाचा असलेली सुटी सुई घेता येते, किंवा क्लिपखाली अर्ध्या मिलिमीटरचा पातळ वॉशर टाकून सुई तेवढीच उचलता येते. ई-२० वर मधल्या रेसला मरगळलेल्या गाडीसाठी हा वॉशर मला जेटपेक्षा आधी करून बघण्यासारखा वाटतो. खर्च जवळजवळ शून्य, आणि पटलं नाही तर काढून टाकता येतो.

आता स्प्रिंग. इथं दोन जातींचे कार्ब्युरेटर वेगळे ओळखायला हवेत. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांत मुठीची केबल थेट स्लाईडला बांधलेली असते. मूठ पिळली की स्लाईड वर. तिथली स्प्रिंग फक्त मूठ परत आणते. ती बदलून मिश्रणात काडीचाही फरक पडत नाही, मूठ हलकी किंवा जड होते, बस. दुसरी जात सीव्ही कार्ब्युरेटरची. पल्सर २२०, करिझ्मा, रॉयल एन्फील्डच्या क्लासिक ३५० मध्ये तो होता. त्यात मूठ एक पाकळी फिरवते आणि स्लाईड मात्र इंजिनाच्या ओढीनं, रबरी डायफ्रॅमच्या जोरावर आपोआप उचलली जाते. तिला खाली ढकलणारी स्प्रिंग आणि ओढ यांच्यात तोल साधला जातो. या कल्पनेचा मूळपुरुष इंग्लंडचा जॉर्ज हर्बर्ट स्किनर. त्याच्या घराण्याचा धंदा पादत्राणांचा, त्यामुळे १९०५ च्या सुमाराच्या त्याच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरात रबराऐवजी चामड्याचा भाता होता. रबर आलं, आकार लहान झाला, तत्त्व तेच राहिलं.

सीव्हीमध्ये हलकी स्प्रिंग घातली की स्लाईड लवकर उचलते आणि मूठ पिळताच गाडी उसळते. फार हलकी घातली की स्लाईड हवेआधीच वर जाते, चिंचोळ्या भागातला वेग पडतो, पेट्रोल ओढलं जात नाही आणि गाडी क्षणभर गुदमरते. अमेरिकेतल्या डायनोजेटसारख्या कंपनीनं या गोष्टींचे संच बनवले. त्यात वेगवेगळ्या नंबरांची मेन जेट, खाचा असलेली सुई, हलकी स्प्रिंग आणि स्लाईडमधलं हवेचं भोक मोठं करायला एक ड्रिल बिट असतं. स्टेज १ म्हणजे मूळ एअरबॉक्स कायम ठेवून, स्टेज ३ म्हणजे एअरबॉक्स काढून वेगळे फिल्टर लावून. हे संच बहुतेक मोठ्या परदेशी गाड्यांसाठी आहेत. स्लाईडमध्ये एकदा भोक मोठं केलं की परत लहान होत नाही, म्हणून मूळ स्लाईड जपून ठेवल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

आपल्याकडे याचा देशी पर्याय म्हणजे स्प्रिंगचे वेटोळे कापणं. त्यात एक फसगत आहे. वेटोळी कापली की स्प्रिंग मऊ होते असं वाटतं, पण उलट होतं. वीस वेटोळ्यांच्या स्प्रिंगची चार कापली तर तिचा ताठरपणा २५ टक्क्यांनी वाढतो. लांबी कमी झाल्यामुळे सुरुवातीचा दाब मात्र घटतो. म्हणजे स्लाईड आधी सहज उचलते आणि वर जाताना अडते. गाडी खालच्या रेसला चपळ आणि वर कुचकामी होते. आणि स्प्रिंगला हात लावण्याआधी डायफ्रॅम काढून उजेडासमोर धरून हलकेच ताणून पाहा. त्यात सुईएवढं छिद्र असलं तरी स्लाईड पुरती उचलत नाही, आणि मग दोष जेटवर आणि स्प्रिंगवर ढकलला जातो.

एक प्रकार मला मनापासून थांबवावासा वाटतो. अ‍ॅव्हरेज वाढवून देतो म्हणून लहान मेन जेट घालणं, किंवा सुई खाली उतरवणं. मोकळ्या रस्त्यावर एकटा माणूस गाडी चालवत असेल तोवर आकडा खरंच थोडा वाढतो. पण या जिल्ह्यातली मोटरसायकल मोकळी कुठं असते? मागं दुधाच्या क्यानी, पुढं खताचं पोतं, दोन माणसं, आणि औंढ्याच्या डोंगराचा चढ. पूर्ण रेस, दुसरा गिअर, अंगावर ऊन. अशा वेळी पेट्रोल कमी पडलं की जळणाची उष्णता वाढते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, पिस्टन चिकटतो. लिटरमागे मिळवलेले दोन-तीन किलोमीटर इंजिनच्या कामात एका झटक्यात जातात. तीच गाडी ई-२० वर असेल तर धोका आणखी जवळ असतो.

टू-स्ट्रोकमध्ये हे जास्तच कठोर. यामाहाची आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ बनली, ९८ सीसीत सुमारे ११ अश्वशक्ती. मराठवाड्यात ती अजून जपून ठेवलेली दिसते. तिच्यावर फुग्याचा सायलेन्सर लावला की हवा जास्त येते आणि मेन जेट मोठं करावंच लागतं. ते न करता तरुण पोरं पूर्ण रेस ताणतात आणि गाडी जाम होते. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर रस्त्यावर चालवणं कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत मनमानी बदल करायला मनाई करतं, आणि पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोलर फिरवल्याच्या बातम्या राज्यभरातून येत असतात. जेटच्या मोजमापाची हौस असेल तर ती मूळ सायलेन्सरवरही भागते.

आता प्रत्यक्ष काम. मुठीच्या रबरावर पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर दुसरा लावा. मूठ बंद असताना दोन्हींवर एक सरळ रेघ मारा. मग मूठ पूर्ण पिळून दुसरी रेघ. मधलं अंतर चार भागांत वाटून पेनानं खुणा करा. आता गाडी चालवताना खाली एक नजर टाकली की रेस पाव आहे की अर्धी ते दिसतं. गावाबाहेरचा वर्दळ नसलेला सरळ तुकडा निवडा, हेल्मेट घाला, इंजिन पुरतं तापू द्या. एकेका खुणेवर मूठ स्थिर धरून गाडी थोडा वेळ तशीच चालवा. जिथं गाडी जड, गुरगुरणारी, काळा धूर सोडणारी वाटते तिथं पेट्रोल जास्त. जिथं ती पोकळ, झटके मारणारी वाटते आणि चोक किंचित ओढल्यावर सुधारते तिथं पेट्रोल कमी. चोकची ही युक्ती साधी आहे आणि क्वचितच फसवते.

दुरुस्ती वरून खाली करायची. आधी मेन जेट पूर्ण रेसवर, मग सुई अर्ध्यावर, शेवटी पायलट आणि स्क्रू आयडलिंगला. एका वेळी एकच बदल. मेन जेटची परीक्षा प्लगवर होते. नवा प्लग घालून पूर्ण रेसवर थोडं अंतर जायचं, क्लच दाबून तिथंच इंजिन बंद करायचं, गाडी तशीच घरंगळू द्यायची आणि प्लग काढून बघायचा. विटकरी-चॉकलेटी रंग बरोबर. काजळी म्हणजे जास्त पेट्रोल, खडूसारखा पांढरा म्हणजे कमी. ई-२० वर प्लगचा रंग मुळातच थोडा फिका येतो हे ध्यानात ठेवावं, नाहीतर फिक्या रंगाला घाबरून विनाकारण जेट वाढवलं जातं.

स्क्रू फिरवताना आधी तो कुठल्या बाजूला आहे ते पाहा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, आत पिळला की पेट्रोल वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो मिश्रण सोडतो, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. ही दिशा उलटी धरल्यामुळे दिवसभर गाडीशी झुंजणारी माणसं गॅरेजात दिसतात. स्क्रू हलक्या हातानं टेकेपर्यंत आत घ्यायचा, जोर लावायचा नाही, कारण टोक चेपलं की बसणं कायमचं बिघडतं. तिथून दीड-दोन फेरे बाहेर ही सुरुवात. मग आयडलिंग सर्वांत गुळगुळीत आणि थोडं वर जाईल ती जागा शोधायची आणि आयडलच्या स्क्रूनं वेग परत खाली आणायचा. शेवटी पीयूसी केंद्रावर गाडी नेऊन आकडा बघावा. बीएस-३ काळातल्या फोर-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे. चिठ्ठीवरचा आकडा नुसता 'पास' म्हणून खिशात घालायचा नसतो. आयडलिंगचं मिश्रण कुठं आहे हे सांगणारं ते आपल्या भागात सहज मिळणारं एकमेव यंत्र आहे.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर नव्या गाड्यांत इंजेक्शन आलं. बजाजच्या काही कम्युटर मॉडेलांत इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटर टिकला, पण त्यातलं मिश्रण संगणक ठरवतो. आधीच्या गाड्या मात्र अजून बरीच वर्षं याच रस्त्यांवर आणि याच पेट्रोलवर चालायच्या आहेत. अशा गाडीचा फ्लोट किती उंचीवर, मेन जेट कुठल्या कंपनीचं आणि किती नंबरचं, क्लिप कितव्या खाचेत, स्क्रू किती फेरे बाहेर, हे सर्व्हिसच्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवावं. पुढचा मिस्त्री कुणीही असो, त्याला अंदाजानं सुरुवात करावी लागत नाही. आणि मे महिन्यात केलेलं सेटिंग दिवाळीनंतर एकदा तपासावं. बहुतेक गाड्यांना तेव्हा स्क्रूचा पाव फेरा पुरतो. तेवढ्यानं भागलं नाही, तर पट्टी पुन्हा मुठीला लावायची आणि कुठल्या खुणेवर गाडी अडते ते बघायचं.